एक नंबर कुठाय?

दिवाळीनंतरचा पहिला रविवार. सकाळी साडेनऊला मी आमच्या जुन्या पद्मिनी गाडीत बसले, थंड इंजिनाला जास्त पेट्रोल देणारा चोक पूर्ण ओढला आणि किल्ली फिरवली. इंजिन कण्हल्यासारखं करून अर्धा फेरा फिरलं आणि थांबलं. पुन्हा किल्ली, पुन्हा अर्धा फेरा. तिसऱ्या वेळी डॅशबोर्डाखालून जळक्या प्लॅस्टिकचा वास आला आणि चोकच्या तारेच्या वेष्टणातून बारीक धूर निघायला लागला.

"बॅटरी काढ! आधी बॅटरी काढ!" आबा कट्ट्यावरून ओरडले.

मी खाली उडी मारून बॅटरीची वायर उपटली. चोकच्या तारेला हात लावला तर चटका बसला. चार महिने खपून जुळवलेलं इंजिन, अंगणात बघायला उभी राहिलेली आठ-दहा माणसं, चहाचं आधण ठेवलेलं, आणि ही सुरुवात.

गाडी 1987 ची. आबा नोकरीत असताना घेतलेली, कोल्हापुरातच वाढलेली. हे मॉडेल आपल्याकडं 1964 मध्ये फियाट 1100 डिलाइट म्हणून आलं आणि 1974 पासून प्रीमिअर पद्मिनी झालं. ही प्रीमिअर कंपनी सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये काढलेली, कारखाना मुंबईत कुर्ल्याला. नावं बदलली तरी बॉनेटखाली गोष्ट तीच राहिली: चार सिलिंडर, 1089 सीसी, 68 मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास), 75 मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनची धाव), पुशरॉडचं साधं इंजिन. उघडून बसलं तर समजतं, म्हणून मला ते आवडतं.

गेली तीन वर्षं मागून निळा धूर यायचा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पन्हाळ्याचा चढ चढताना तर मागची गाडी दिसायची नाही. शेवटी जूनमध्ये इंजिन उतरवलं. उद्यमनगरात ब्लॉकला बोअर मारून वीस थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) ओव्हरसाइज पिस्टन घातले, क्रँक दहा थाऊ ग्राइंड केली, नवे बेअरिंग शेल, क्रँकवरून व्हॉल्व्हचा कॅम फिरवणारी नवी टायमिंग चेन, हेडला फेसिंग. व्हॉल्व्ह मी स्वतः पेस्ट लावून घासले. सुट्या भागांसाठी मात्र खूप फिरावं लागलं. मुंबईच्या शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर 2023 मध्ये संपली, आणि त्या टॅक्सींच्या जिवावर चालणारा भागांचा बाजारही आटत गेला. टायमिंग कव्हरचं एक सील मला तिसऱ्या शहरातून मागवावं लागलं.

जुळवणी मी केली, पण मिस्त्रीमामांच्या नजरेखाली. त्यांनी उभी हयात फियाटी खोलण्यात घालवली. प्रत्येक रिंगचं तोंड कुठं ठेवायचं, कुठला नट किती टप्प्यांत आवळायचा, सगळं त्यांनी स्टुलावर बसून सांगितलं. इंजिन गाडीत बसलं आणि त्याच आठवड्यात मामांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी वाकायचं नाही, धूळ नको, असं बजावलेलं. त्यामुळं सुरू करायची वेळ आली तेव्हा मामा होते ते फक्त फोनवर.

मी फोन लावला आणि तारेचं सांगितलं.

"ताई, तार कशापाई तापंल? तिच्यातनं करंट जातोय म्हणूनच की. सेल्फला वाट मिळंना झालीया. अर्थिंग बघा."

एवढ्यावरून सगळं लक्षात आलं. बॅटरीची निगेटिव्ह केबल जाते बॉडीला. इंजिन बसलेलं असतं रबराच्या माउंटिंगवर, म्हणजे बॉडीपासून तुटलेलं. दोघांना जोडणारी विणलेल्या तांब्याची एक पट्टी असते, सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवणारी मोटर, जो प्रचंड करंट ओढतो तो त्या पट्टीतून परत येतो. पट्टी मी विसरले नव्हते. पण जिथं तिचा बोल्ट बसतो ती जागा आम्ही इंजिन बाहेर असताना छान रंगवून घेतली होती, आणि मी पट्टी त्या रंगावरच आवळली होती. करंटला दुसरी वाट उरली ती इंजिनापासून डॅशबोर्डाकडं जाणारी चोकची तार. गाडी उभी पेटायला एवढं पुरतं.

मल्टिमीटर लावून बघितलं. भाच्याला क्षणभर सेल्फ मारायला लावला आणि बॅटरीच्या निगेटिव्ह टोकापासून ब्लॉकपर्यंत व्होल्टेज मोजलं: साडेचार व्होल्ट. खरं तर तिथं अर्ध्या व्होल्टाच्या आत दिसायला हवं. रंग खरवडून उघडा पत्रा काढला, पट्टी आवळली, वरून ग्रीस लावलं. पुन्हा मोजलं तर 0.2. चोकची तार बदलली. मग प्लग चारही काढले आणि पेटवण्याचा विचार बाजूला ठेवून नुसता सेल्फ मारला, ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत. नव्या बेअरिंगवर ऑइल पोहोचायच्या आत इंजिन पेटलं तर सगळी मेहनत पहिल्या मिनिटात घासून जाते. प्लग नसले की इंजिन हलकं फिरतं आणि पंपाला ऑइल वर चढवायला वेळ मिळतो. दिवा विझला, रॉकरवर, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्यांवर, ऑइल ओघळताना दिसलं, तेव्हा मला बरं वाटलं.

प्लग बसवले आणि पुन्हा प्रयत्न सुरू केला. आता इंजिन जोरात फिरत होतं, पण नुसतंच. ठिणगीचा मागमूस नाही, खोकलाही नाही. दहा सेकंद सेल्फ, मग मिनिटभर थांबायचं, नाहीतर सेल्फ जळतो. असं पाच-सहा वेळा झाल्यावर एक प्लग काढून बघितला. ओला, पेट्रोलचा वास. म्हणजे पेट्रोल येतंय. दाब आहे हे हाताला जाणवत होतं. राहिला करंट. प्लग वायरला लावून हेडवर टेकवला, सेल्फ मारला. अंधार. ठिणगीसाठी व्होल्टेज चढवणाऱ्या कॉइलमधून येणारी मधली वायर काढून ब्लॉकपासून पाच-सहा मिलिमीटरवर धरली. तिथंही काही नाही.

कॉइलला हात लावला तर चांगलीच तापली होती. तिथं जमलेल्या दोघांनी एकमुखानं निदान केलं, कॉइल गेली. मलाही पटलं. भाचा स्टेशन रोडला जाऊन नवी कॉइल घेऊन आला. बसवली. तीही तापली आणि ठिणगी नाहीच. इथं मी थांबायला हवं होतं ते थांबले. दुसरी नवी वस्तू आणण्याआधी तापणं म्हणजे काय याचा विचार केला. कॉइल तापते कारण तिच्यातून करंट सतत वाहतोय. ठिणगी पडते ती करंट वाहताना नाही, तुटताना. पॉइंट म्हणजे करंट जोडणारी-तोडणारी उघडझाप, ते उघडले की करंट तुटतो आणि त्या क्षणी कॉइल ठिणगी फेकते. माझ्याकडं तो तुटतच नव्हता.

यासाठी बारा व्होल्टचा साधा बल्ब पुरतो. बल्बचं एक टोक कॉइलच्या डेल्कोकडच्या टोकाला, दुसरं अर्थला. (प्रत्येक सिलिंडरला वेळेवर ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरला आमच्याकडं सगळे डेल्कोच म्हणतात.) पॉइंट उघडले की बल्ब लागला पाहिजे, मिटले की विझला पाहिजे. माझा बल्ब इंजिन कसंही फिरवलं तरी विझलेलाच. मग कॉइलपासून डेल्कोत जाणारी वायर सोडवली. बल्ब लख्ख लागला. म्हणजे दोष डेल्कोच्या पोटात आहे, तिथं करंट कायमचा अर्थ होतोय.

कॅप काढली, आत फिरून एकेका वायरीला करंट देणारा रोटर काढला, बॅटरी लावून आत बघितलं. पॉइंटच्या स्प्रिंगला धरून ठेवणारा एक छोटा स्क्रू असतो, त्याच्यावर स्प्रिंग, कन्डेन्सरची वायर आणि कॉइलची वायर अशा तिन्ही गोष्टी येतात. हा स्क्रू डेल्कोच्या अंगाला कुठंही टेकता कामा नये, म्हणून त्याला तपकिरी फायबरचे दोन वॉशर असतात, एक आतून, एक बाहेरून. मी दोन्ही वॉशर एकाच बाजूला घातले होते. दुसऱ्या बाजूला नट थेट पत्र्याला चिकटलेला. वॉशर केवढे, तर शर्टाच्या बाहीच्या बटणाएवढे. त्यातला एक चिमट्यानं उचलून पलीकडं घातला, नट आवळला, पॉइंटची गॅप फिलर गेजनं 0.45 मिलिमीटर केली. पेट्रोलमध्ये बुडवलेला जाड कागद पॉइंटमधून ओढून घेतला, नव्या पॉइंटवर असलेलं संरक्षणाचं तेल निघावं म्हणून. बल्ब लागायला आणि विझायला लागला. मधल्या वायरीतून निळी ठिणगी पडली, टक्क असा कोरडा आवाज करत. मी दोनदा पुन्हा करून बघितलं, नुसतं समाधान म्हणून.

तोवर दिवस कलला होता. सगळं बसवून किल्ली फिरवली आणि फाट्कन आवाज झाला. कार्बोरेटरच्या तोंडातून वीतभर ज्वाळ बाहेर आली. एअर फिल्टर काढलेला होता. बाजूला ओलं पोतं ठेवलेलं होतं, आबांचा तो दंडक, ते मी टाकलं. काही पेटलं नव्हतं, पण हात थरथरत होते. जो कोणी असं इंजिन सुरू करायला बसेल त्यानं ओलं पोतं आणि आग विझवायचा सिलिंडर हाताशी ठेवल्याशिवाय किल्लीला हात लावू नये.

पुढचे चार दिवस मी संध्याकाळी कामावरून येऊन फक्त याच्याच मागं होते. लक्षण एकच. सेल्फ मारला की मध्येच कार्बोरेटरमधून बॅक मारायचं, कधी सायलेन्सरमधून बार उडायचा आणि गल्लीतली कुत्री भुंकायला लागायची. एकदाही दोन फेरे सलग इंजिन स्वतःच्या जिवावर फिरलं नाही. डेल्को थोडा डावीकडं फिरवला, थोडा उजवीकडं फिरवला. फक्त बॅक मारायचा आवाज बदलायचा. शेजारच्यांच्या आग्रहाखातर उतारावर ढकलून बघितली, तेव्हा सायलेन्सरमधून असा आवाज झाला की समोरच्या काकू बाहेर आल्या.

या चार दिवसांतली सगळ्यात वाईट रात्र मंगळवारची. माझ्या मनात बसलं की चेन बसवताना दात चुकला. तसं असेल तर रेडिएटर काढा, पुली काढा, टायमिंग कव्हर उघडा, ते तिसऱ्या शहरातून आलेलं सील पुन्हा बाहेर. मी खुणा जुळवलेल्या माझ्या डोळ्यांसमोर होत्या, मोबाइलमध्ये फोटोही होता, तरी शंका जाईना. रात्री दोनला उठून मी फोटो मोठा करून बघत होते.

बुधवारी सिलिंडरमधला दाब मोजायचा कॉम्प्रेशन गेज मागून आणला. चारही प्लग काढायचे, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा, आणि एकेका सिलिंडरला गेज लावून सेल्फ मारायचा. 98, 102, 100, 97. पीएसआयमध्ये. रिंगा अजून सिलिंडरला बसलेल्या नसताना हे आकडे चांगले होते, आणि मुख्य म्हणजे चारही जवळजवळ सारखे होते. व्हॉल्व्ह अर्धवट उघडे राहत असते किंवा चेन बरीच सरकलेली असती तर एवढा आणि असा सारखा दाब आला नसता. कव्हर उघडायचं मी मनातून काढून टाकलं.

याच वेळी डिपस्टिक काढली आणि हुंगली. ऑइलला पेट्रोलचा वास येत होता आणि पातळी खुणेच्या वर चढलेली. इतके दिवस न पेटलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली उतरत होतं. नव्या रिंगांना हे विष आहे. ऑइल सगळं काढलं, नवं ओतलं. सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून प्रत्येकी चमचाभर ऑइल सोडून इंजिन थोडं फिरवून घेतलं. पुढं कितीही घाई झाली तरी न चुकता हे करायचं ठरवलं.

गुरुवारी मामांना पुन्हा फोन केला. सगळी हकिकत सांगितली: दाब आहे, करंट आहे, पेट्रोल आहे, आणि बॅक मारतंय.

मामांनी एकच विचारलं. "एक नंबर कुठाय?" एक नंबर म्हणजे फॅनकडचा पहिला सिलिंडर.

"पुलीची खूण जुळतीय मामा. रोटर एक नंबरच्या वायरीकडं बघतोय."

"ते मला बी म्हाईत. एक नंबर कुठाय?"

मी पुन्हा तेच सांगितलं. पलीकडं थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाले, "प्लग काढा. भोकावर आंगठा ठेवा. गाडी चवथ्यात टाकून पोराला ढकलायला सांगा. आंगठ्याला इच्चारा."

एका पिस्टनचा पूर्ण कारभार क्रँकच्या दोन फेऱ्यांत होतो. त्या दोन फेऱ्यांत पिस्टन दोनदा वर येतो. एकदा हवा-पेट्रोल दाबत येतो, तेव्हा दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात आणि ठिणगी तिथं पडायला हवी. दुसऱ्यांदा तो जळालेला धूर बाहेर ढकलत येतो. पुलीवरची खूण मात्र दोन्ही वेळा जुळते, कारण पुलीला काय ठाऊक हा कुठला फेरा. मी खूण बघितली होती. कुठला फेरा ते बघितलं नव्हतं. इंजिन जुळवताना एक नंबर बरोबर दाबावर होता, पण नंतर फ्लायव्हीलचे बोल्ट आवळताना, क्लच बसवताना आम्ही क्रँक किती वेळा फिरवली याचा हिशेब कोण ठेवतो. डेल्को बसवायच्या दिवशी मी पुली फिरवून खुणेवर आणली आणि पुढं गेले.

भाच्यानं आणि त्याच्या मित्रानं गाडी चौथ्या गिअरमध्ये हळूहळू पुढं ढकलायला सुरुवात केली. मी फॅनकडून पहिल्या सिलिंडरच्या भोकावर अंगठा दाबून वाकलेली. पुली फिरत होती. खूण जवळ यायला लागली आणि अंगठ्याखाली काहीच नाही, नुसती कोमट हवा फुस्स करून बाजूनं गेली. खूण जुळली. रोटर थेट एक नंबरच्या वायरीसमोर.

"अजून ढकला."

पुली पूर्ण एक फेरा गेली. खूण पुन्हा जवळ यायला लागली आणि या वेळी अंगठा आपोआप उचलला गेला. दाबून धरला तर भोकातून फट्ट असा आवाज करून हवा निसटली. दाब इथं होता. मी तिथंच थांबवलं आणि रोटरकडं बघितलं. तो चार नंबरच्या वायरीकडं तोंड करून उभा होता.

खात्रीसाठी रॉकरचं कव्हर काढलं. ही मामांची दुसरी परीक्षा. या इंजिनाचा फायरिंग ऑर्डर एक-तीन-चार-दोन. एक आणि चार हे एकमेकांपासून बरोबर एक फेरा लांब असतात. दोघांचे पिस्टन एकाच वेळी वर येतात, पण एक दाबत असतो तेव्हा दुसरा धूर काढून संपवत असतो. धूर संपता संपता त्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मिटत येतो आणि इनटेक उघडायला लागतो, म्हणजे त्या सिलिंडरचे दोन्ही रॉकर एकाच वेळी हलतात, एक वर, एक खाली. मामा त्याला झोका म्हणतात. "चार नंबर झोक्यावर असला की एक नंबर पेटायला तयार." भाच्यानं गाडी इंचभर मागं-पुढं केली आणि चार नंबरचे दोन रॉकर पाळण्याच्या दोन कड्यांसारखे एकाआड एक हलले. एक नंबरचे दोन्ही रॉकर सैल, हातानं खुटखुट वाजणारे. आता शंका नव्हती. इतके दिवस ठिणगी एक पूर्ण फेरा चुकून पडत होती. ज्या क्षणी इनटेक उघडत होता त्या क्षणी ती पडत होती, म्हणून ज्वाळ उलटी कार्बोरेटरमधून बाहेर यायची.

दुरुस्तीला दोन मिनिटं लागली. डेल्कोच्या कॅपवर एक नंबरची वायर चारच्या जागी, चारची एकच्या जागी, तीनची दोनच्या आणि दोनची तीनच्या जागी. कॅपला स्वतःचा असा एक नंबर नसतो. एक नंबर दाबावर असताना रोटर जिकडं बघेल तो एक नंबर. मी पांढऱ्या रंगानं त्या जागी ठळक 1 काढला. पुढं ही गाडी दुसरं कुणी उघडेल, त्याची अशीच एक संध्याकाळ वाया जाऊ नये.

बल्ब पुन्हा लावला, पुलीची खूण थोडी अलीकडं असताना पॉइंट उघडतील असा डेल्को फिरवून घट्ट केला. आबांना मी आधी गाडीत बसवलं आणि किल्ली त्यांच्या हातात दिली. पोतं ओलं केलं.

तिसऱ्या फेऱ्याला इंजिन पेटलं.

आवाज कसा होता ते सांगायला मला शब्द शोधावे लागतात. आधी एक दणका, मग चारही सिलिंडर एकामागोमाग लागले आणि अंगण भरून गेलं. सायलेन्सरमधून पांढरा धूर, नव्या रंगाचा आणि ऑइलचा जळका वास. आबांनी अॅक्सिलरेटर हलके धरला होता, त्यांचा उजवा पाय मला खिडकीतून दिसत होता, अजिबात हलत नव्हता. मी लाल दिव्याकडं बघितलं. विझलेला.

बारा-पंधरा सेकंद चाललं आणि आवाज पातळ होत जाऊन बंद पडलं.

या वेळी मी घाबरले नाही. असं मिटत जाणं म्हणजे पेट्रोल संपणं, ठिणगी गेली तर इंजिन खाड्कन बंद होतं. कार्बोरेटरचं झाकण काढलं, फ्लोटची वाटी कोरडी. पंपाची बाहेर जाणारी नळी बाटलीत सोडून सेल्फ मारला तर पेट्रोलपेक्षा बुडबुडेच जास्त. टाकीकडून पंपापर्यंत येणाऱ्या लोखंडी नळीच्या टोकाला जो वीतभर रबरी पाइप असतो तो जुनाच ठेवला होता. वाकवला तर बाहेरून भेगा. पंप पेट्रोल ओढण्याऐवजी त्या भेगांतून हवा ओढत होता. आता पेट्रोल पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि जुन्या रबराला ते सोसत नाही, ते कडक होतं, तडकतं. इथेनॉल चालणारा नवा पाइप घातला, नव्या क्लिपा लावल्या. माझी खंत एवढीच की इंजिनावर इतका खर्च करून मी हा पाइप बदलला नव्हता.

दुसऱ्या वेळी पेटलं ते चाललं. पहिली वीस मिनिटं आयडलवर सोडायचं नाही, दीड ते दोन हजार आरपीएमला ठेवायचं, हे मामांनी आधीच बजावलेलं. कॅम आणि टॅपेट या व्हॉल्व्ह हलवणाऱ्या भागांची नवी घसट नीट बसायला ऑइलचा भरपूर फवारा लागतो आणि मंद चालीवर तो मिळत नाही. आबांनी वीस मिनिटं पाय तसाच धरून ठेवला. मी समोर उभी राहून पाण्याचं तापमान, गळती, आवाज बघत होते. सातव्या मिनिटाला एक टॅपेट जास्त वाजायला लागला, नंतर ऑइल पोहोचल्यावर गप्प झाला. मामांना फोन लावून फोन बॉनेटजवळ धरला. ते काही बोलले नाहीत. मिनिटभर ऐकलं आणि म्हणाले, "दोन नंबरचा एक टॅपेट बघा उद्या. बाकी चालतंय."

दुसऱ्या दिवशी इंजिन गार झाल्यावर हेडचे नट क्रमानं पुन्हा आवळले. तीन नट खरोखर थोडे सैल झाले होते, पाना पाव फेरा गेला. टॅपेट सेट केले. दोन नंबरचा एक्झॉस्ट खरंच ढिला निघाला. फोनवरून ऐकून त्यांना तो कसा कळला हे मी विचारलं नाही, पुढच्या आठवड्यात त्यांच्या घरी जाईन तेव्हा विचारणार आहे.

आता गाडी 640 किलोमीटर चालली आहे. साठच्या वर नेत नाही, चढाला गिअर लवकर पाडते, एकाच वेगात फार वेळ ठेवत नाही. 500 ला ऑइल बदललं. काढलेलं ऑइल पांढऱ्या ताटात ओतून उन्हात बघितलं, चंदेरी बारीक चमक होती, रिंगा बसताना येते तेवढीच. चुंबक फिरवला तर टोकाला राखाडी लेप आला, कण एकही नाही. धूर बंद आहे. ऑइल पॅनच्या मागच्या कडेला एक थेंब जमतो, रात्रीतून एक. रविवारी गाडी जॅकवर घेऊन तो कुठून येतो ते बघायचं आहे.